बुडीत खात्याची जाहिरात

बी.कॉम. झालेल्या मराठी माणसाला पोटासाठी बँक आणि पुण्यासाठी खजिनदारपद, या दोन गोष्टी चुकत नाहीत. सोसायटी असो, गणपती मंडळ असो, की भिशी असो, "अहो, हे बँकेत आहेत!" असं कोणीतरी ओरडतं आणि पावतीपुस्तक आपल्या हातात येतं. आमच्या डोंबिवलीतल्या एका छोट्या वाचनालयाचा मी बिनपगारी खजिनदार झालो तो असाच.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तेव्हापासून वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. आमचं वाचनालय 'ड' वर्गात. शाळेत 'ड' तुकडीकडे मास्तर ज्या नजरेनं बघायचे, त्याच नजरेनं आमच्याकडे सगळे बघतात. त्यात सभासद गळत चाललेले. कार्यकारिणीच्या सभेत कार्यवाहांनी चष्मा पुसत जाहीर केलं, "येत्या ३१ मार्चला कुलूप लावावं म्हणतो." ग्रंथपालबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त समोरच्या पुस्तकाचं सुटलेलं पान डिंक लावून नीट बसवलं. जे वाचनालय बंद व्हायचंय, त्यातलं पान कोणी चिकटवतं का हो? मला त्या रात्री झोप लागली नाही.

अशा वेळी मला भाचा आठवला.

हा भाचा जाहिरात कंपनीत आहे. नक्की काय करतो हे त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, अजून कळलेलं नाही. "मुलगा काय करतो?" असं कोणी विचारलं की ती "कॉम्प्युटरवर असतो" असं सांगून विषय मटारच्या भावावर नेते. त्याचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. पूर्वी तिथं भोंगा झाला की पाळी सुटायची. आता भोंगा नाही, त्यामुळे पाळी सुटतच नाही. अमूलची ती ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी १९६६ पासून फलकावर आहे आणि तिचं वय एका दिवसानं वाढलेलं नाही. भाच्याच्या ऑफिसात मात्र एकोणतीस वर्षांचा माणूस ज्येष्ठ समजला जातो. तिथं कारकून कोणी नाहीच, सगळे डायरेक्टर. अर्थात आम्हीही आता नावं ठेवायला मोकळे नाही. २०२४ च्या वेतनकरारापासून आम्हां कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काउंटर तोच, शिक्का तोच, पेन्शनवाल्या आजोबांच्या शिव्याही त्याच. यालाच मार्केटिंग म्हणतात असं भाचा म्हणतो.

त्याच्या कामाची तऱ्हा अशी. एका बिल्डरसाठी हा रात्री दोनपर्यंत बसून पत्रक करतो. सकाळी बिल्डर म्हणतो, "छान आहे, फक्त लोगो मोठा करा." लोगो मोठा होतो. मग बिल्डरची बायको म्हणते, निळा नको, मोरपंखी हवा. मग पुतण्या, मग वास्तुतज्ज्ञ. त्याच्या कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' आणि 'हेच ते फायनल' अशी फायलींची वंशावळ मी स्वतः पाहिली आहे. शेवटी बिल्डर म्हणतो, "पहिलंच बरं होतं."

तर मी त्याला म्हटलं, "अरे, आमच्या वाचनालयाचं काहीतरी कर. पैसे मिळणार नाहीत."

"मामा, बदल कोण सुचवणार?"

"ग्रंथपालबाई. त्या फक्त शुद्धलेखन तपासतील."

पोरगा जागच्या जागी तयार झाला.

रविवारी तो कॉम्प्युटर घेऊन वाचनालयात आला. सभासदत्वाच्या अर्जावर आम्ही 'ई-मेल असल्यास' असा एक रकाना बरीच वर्षं ठेवला होता. त्यातून चारशेच्या आसपास पत्ते निघाले. भाचा खूश झाला. म्हणाला, "मामा, ३ मे १९७८ ला गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्यानं अमेरिकेत कॉम्प्युटर खपवायला जगातलं पहिलं जाहिरातीचं ई-मेल पाठवलं, तेही असंच चारशेएक लोकांना."

"मग?"

"लोकांनी त्याला शिव्या घातल्या. पण कॉम्प्युटर खपले."

मग त्यानं मला ई-मेल कसं बांधतात ते दाखवलं. मला वाटलं होतं, काहीतरी चित्रकला असेल. बघतो तर उभ्या-आडव्या रेघांची कोष्टकं! म्हणाला, आउटलुकनं २००७ साली पत्र दाखवायला वर्डचं यंत्र बसवलं. त्या जुन्या आउटलुकला दुसरं काही धड समजत नाही, म्हणून अजूनही सगळं कोष्टकात कोंबावं लागतं. रुंदी ६०० पिक्सेल. मजकूर १०२ किलोबाइटच्या वर गेला की जीमेल शेपूट कापतं. चित्रं दिसली नाहीत तरी अर्थ कळावा म्हणून प्रत्येक चित्रामागे शब्द लिहून ठेवायचे. मी मनात म्हटलं, हे तर आमचं लेजर! रकाने, मर्यादा आणि समोरच्याला काही दिसणार नाही हे गृहीत धरून केलेल्या नोंदी. भाच्याबद्दल मला प्रथमच आपलेपणा वाटला.

"पण लोकांनी पत्र उघडलं की नाही, ते कळतं कसं?" मी विचारलं.

"आत डोळ्यांना न दिसणारं एवढंसं चित्र असतं. पत्र उघडलं की ते मागवलं जातं, आपल्याकडे नोंद होते. पण २०२१ पासून अ‍ॅपल ती चित्रं आपणच आधी मागवून ठेवतं. त्यामुळे न उघडलेलंही उघडलेलं दिसतं."

यात मला नवल वाटलं नाही. आमच्या प्रत्येक सभेत 'मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' असं लिहितात. ते आजवर कोणी वाचलेलं नाही.

खरी लढाई झाली ती विषयाच्या ओळीवरून. पत्र उघडायचं की नाही, ते माणूस त्या एका ओळीवरून ठरवतो. कार्यवाहांनी सुचवलं, 'वाचाल तर वाचाल.' भाच्यानं नम्रपणे मान हलवली. त्याच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीनं 'बुक लव्हर्स कार्निव्हल' काढलं. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ते मागे घेतलं गेलं. मग बाई जुनी देवघेव-वही उलगडत सहज म्हणाल्या, "यांतल्या निम्म्या लोकांकडे आपली पुस्तकं राहिलीयत."

भाचा खुर्चीवरून उठलाच. "बाई, हीच ओळ!"

आणि पत्र गेलं. विषय : 'आपल्याकडे आमचं एक पुस्तक राहिलंय का?' आत चारच वाक्यं. वाचनालय अडचणीत आहे, येत्या रविवारी अंगणात या, पुस्तक आणा, दंड माफ. खाली 'आमची पत्रं नको असतील तर इथे दाबा' अशी ओळ. मी म्हटलं, ही कशाला? आपणच दार दाखवायचं? भाचा म्हणाला, घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना २०२४ पासून जीमेल आणि याहूनं एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची केली आहे. आपण चारशेवाले, पण रीत ती रीत. ज्याला जायचंय त्याला जाऊ दिलं, की राहिलेला मनापासून राहतो. हे वाक्य मी ताईला ऐकवणार आहे. सुनेबाबत उपयोगी पडेल.

मराठी माणसाला सवलत सांगा, तो विचार करीन म्हणतो. पण त्याच्या मनाला टोचणी लावा, तो चप्पल घालून निघतो. रविवारी अंगणात सतरंजी अंथरली, चहाचं पातेलं चढवलं, मंडळाची दोन टेबलं मागून आणली. भाच्याच्या ऑफिसची पोरं फलक रंगवून टेबलामागे बसली. दहा वाजता रिकामं होतं. कार्यवाहांनी माझ्याकडे 'बघा, म्हटलं नव्हतं' असं पाहिलं. सव्वादहाला एक आजी आल्या. पदराखालून पुस्तक काढून म्हणाल्या, "ह्यांनी नेलं होतं. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. द्यायचं राहिलं होतं हो." बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, वहीत जुनी नोंद शोधली आणि 'परत' असं लिहून आजींना दाखवलं. आजी तिथंच खुर्चीत बसल्या आणि डोळे टिपून झाल्यावर नवीन वर्गणी भरून गेल्या.

मग रांगच लागली. पिशवीतून, डिकीतून पुस्तकं येत होती. पुण्याच्या एका गृहस्थानं दोन पुस्तकं कुरिअरनं पाठवली, वर दंडही पाठवला. माफ असूनही! यांतली कितीतरी पुस्तकं आम्ही केव्हाच गहाळ म्हणून खर्ची टाकली होती. बँकवाल्याला हा प्रसंग काय वाटतो ते बँकवाल्यालाच कळेल. इतक्या वर्षांच्या नोकरीत बुडीत खातं स्वतःच्या पायांनी चालत, हसत, चहा मागत परत आलेलं मी प्रथमच पाहत होतो.

ताईही आली होती. एका कोपऱ्यात उभी राहून ती लेकाकडे बघत होती. शेजारणीनं विचारलं, "मुलगा काय करतो हो तुमचा?"

ताई म्हणाली, "लोकांना पत्रं लिहितो. आणि लोक येतात."

मटारचा भाव तिनं काढला नाही. ३१ मार्चला मी वाचनालयाचा ताळेबंद मांडला. कुलपाचा खर्च त्यात नाही.