ऑस्करची पैज आणि आमचा भीम

२०२३ च्या जानेवारीत आदिलाबादेत जो तो भविष्य सांगत होता. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला. यंदा भाव उतरला, तशी शेतकऱ्यांनी माल घरातच दाबून ठेवला. वाढेल, नाही वाढणार, होळीनंतर बघा! ज्या जिनिंगमध्ये मी हिशेब लिहितो, तिथे दुसरा विषयच नव्हता. गाड्या येईनात, त्यामुळे काटा रिकामा आणि आम्हीही रिकामे.

तिकडे केसलापूरला नागोबाची जत्रा भरलेली असतानाच, २४ तारखेला, ऑस्करची नामांकनं जाहीर झाली. मूळ गीतांच्या पाचांत ‘नाटू नाटू’ आलं. हैदराबादला झाला नसेल एवढा आनंद आमच्याकडे झाला, कारण ते गाणं ‘आरआरआर’ सिनेमातलं आणि त्यातला भीम म्हणजे आमचा कोमरम भीम. निजामाच्या पोलिसांशी लढताना १९४० साली जोडेघाटला पडला, तो. सिनेमातल्या दुसऱ्या नायकाशी, अल्लूरी सीताराम राजूशी, त्याची कधी गाठ पडल्याची नोंद नाही. त्यांची दोस्ती दिग्दर्शक राजमौलींच्या डोक्यातली. पण नाव आमच्या जिल्ह्याचं, मग बाकीचं कोण बघतो!

मला या बक्षिसांचा जुना नाद. मी म्हटलं, भावावर बोलून तोंड दुखलं, आता यावर पैज लावू. काट्याच्या जुन्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकाने मोठ्या बक्षिसांचे आपापले विजेते लिहायचे, खाली सही करायची. हरेल त्याने सगळ्यांना इडली-वडा.

‘सिनेमेच पाहिले नाहीत तर लिहायचं कसं?’ मुनीमजींनी रास्त शंका काढली. मी म्हटलं, मुनीमजी, न्यूयॉर्कचा वायदा बघून तुम्ही भाव सांगता, तेव्हा बोंड हातात घेता का? इथेही तसंच. सिनेमा किती चांगला हे बाजूला ठेवायचं. मत देणारे कोण आणि त्यांनी आधी कुठे काय मत दिलं, एवढंच बघायचं.

अकादमीचे मतदार तेव्हा साडेनऊ हजारांच्या आसपास. त्यात सगळ्यात मोठी शाखा नटनट्यांची. त्यामुळे २६ फेब्रुवारीला कलाकारांच्या संघटनेने, म्हणजे सॅगने, बक्षिसं दिली तेव्हा मी माझी पावती पक्की केली. त्याआधी चित्र फार गोंधळाचं होतं. अभिनेत्रीत केट ब्लँचेटने गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, बाफ्टा सगळं नेलेलं. अभिनेत्यांत ऑस्टिन बटलरकडे ग्लोब आणि बाफ्टा. सहाय्यक अभिनेत्रीत तर ग्लोब अँजेला बॅसेटला, बाफ्टा केरी काँडनला आणि सॅग जेमी ली कर्टिसला! मी डोळे मिटून सॅगची चारही नावं उतरवली: मिशेल यो, ब्रेंडन फ्रेझर, के हुई क्वान, जेमी ली कर्टिस. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला डोकं लावायचं कामच नव्हतं. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ने दिग्दर्शकांचं, निर्मात्यांचं आणि कलाकारांचं अशी तिन्ही संघटनांची बक्षिसं घेतली होती.

‘नाटू नाटू’ तर माझ्या लेखी सगळ्यात सोपं. समोर लेडी गागा आणि रिहाना. पण त्या दोघींना त्याने जानेवारीतच ग्लोबमध्ये हरवलेलं, मागोमाग क्रिटिक्स चॉइसही घेतलेलं. शिवाय पाच गाणी निवडतात संगीतवाले, शेवटचं मत मात्र सगळेच देतात. त्या गर्दीला पाचांतलं कोणतं गाणं आठवणार? ज्यावर अमेरिकेतले प्रेक्षक थिएटरात उठून नाचले ते.

भांडण झालं ते माहितीपटावरून. शौनक सेनचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ सनडान्स आणि कान दोन्हीकडे गाजलेला. मी लिहिलं ‘नवाल्नी’. बाफ्टा त्याला, निर्मात्यांचं बक्षीस त्याला, वर युक्रेनचं युद्ध चालू. मुनीमजी भडकले. ‘घरचं सोडून रशियाच्या माणसाला?’ त्यांनी आपल्या पावतीवर जिथे जिथे भारताचं नाव दिसलं तिथे तेच लिहिलं, लघुमाहितीपटात ‘द एलिफंट व्हिस्परर्स’सुद्धा, आणि बाकी जागा सुपारी फोडत भरल्या.

उटनूरकडचे एक गोंड हमालदादा हे सगळं ऐकत उभे होते. त्यांना पावती दिली तर घेईनात. २०२० साली सिनेमाच्या टीझरमध्ये भीमाच्या डोक्यावर मुस्लिम पद्धतीची गोल टोपी दिसली, तेव्हा इकडे केवढा गदारोळ झाला होता. खासदारांनीही आक्षेप घेतला होता. दादांच्या मनातून ती टोपी गेली नव्हती. ‘आमच्या भीमाला गॅलिसची पँट घालून नाचवलं,’ ते म्हणाले. ‘बक्षीस नाचाला की भीमाला?’ मी म्हटलं, गाण्याला. ‘मग तुमचं तुम्ही बघा.’

१३ मार्चला सोमवारी पहाटे साडेपाचला मोबाईल लावला. क्वान, कर्टिस लागोपाठ आले. मग ‘नवाल्नी’. मुनीमजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. थोड्या वेळाने ‘एलिफंट व्हिस्परर्स’चं नाव आलं, तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठले. ‘नाटू नाटू’ला तर काट्यावरची पोरंही आत घुसली. संगीतकार कीरवाणींनी कार्पेंटर्सच्या गाण्याच्या चालीवर आभार गायले. कोणाला शब्द कळले नाहीत, तरी टाळ्या पडल्या. शेवटी फ्रेझर, यो आणि ‘एव्हरीथिंग’. चित्रपटासकट सात बक्षिसं त्या एका सिनेमाला.

पैज मी जिंकलो. पण मुनीमजी दिवसभर सांगत होते की घरच्या तिनांतली दोन लागली, एकही आकडा न बघता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाश्त्याचे पैसे त्यांनीच दिले आणि हमालदादांनी, पैजेत नसूनही, दोन वडे जास्त घेतले.

ऑगस्टमध्ये राष्ट्रीय पुरस्कारांच्या वेळी पोरांनी पुन्हा पावत्या काढल्या. मी नको म्हटलं. तिथे बंद खोलीत मोजक्या माणसांची समिती बसते. आधीचं ग्लोब नाही, सॅग नाही, पकडायचं काय? निकाल आला तो असा: अभिनेता अल्लू अर्जुन, तेलुगूला पहिल्यांदाच. दिग्दर्शनाला मराठी ‘गोदावरी’चे निखिल महाजन. ‘आरआरआर’ला सहा. मुनीमजी म्हणाले, मी तर अल्लू अर्जुनच लिहिणार होतो. पावती मात्र कोरीच होती.