येझदीचा क्रँक आणि कागदाएवढी जागा

कालव्याचं आवर्तन झालंय, वाफसा यायला चार दिवस आहेत. म्हणून आज उसाचं नाही, इंजिनाचं लिहितो.

वडिलांची येझदी. किक आणि गिअरचा दांडा एकच असलेली जुनी टू-स्ट्रोक. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, पण गाडी आम्ही विकली नाही. मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः इंजिन उतरवलं. क्रँकला नवीन बेअरिंग घातली. दोन केसिंगमधलं कागदी पॅकिंग फाटलं होतं, नवीन कापायचा कंटाळा केला आणि नुसतं सोल्युशन लावून आवळलं. क्रँक हाताला जड लागत होता. म्हटलं, तापल्यावर होईल मोकळा.

वडिलांना मागे बसवून इंदापूरला निघालो. जंक्शनच्या अलीकडे बेअरिंग रडायला लागलं, मग इंजिन धरलं. भर उन्हात वडील बाभळीखाली बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

वालचंदनगरला फिटर म्हणून नोकरी केलेले आमचे एक काका आहेत. त्यांनी इंजिन खोललं आणि विचारलं, "पॅकिंग कुठंय?" कागद गेला, केसिंग तेवढं जवळ आलं, क्रँकला आडवं सरकायला जागाच राहिली नाही. बेअरिंगचे छर्रे बाजूनं दाबले गेले.

मी तापण्याचं बोललो तर काकांनी हिशोब मांडला. १०० मिमी रुंदीचं ॲल्युमिनियम ६० अंशांनी तापलं तर साधारण ०.१४ मिमी वाढतं, पोलाद ०.०७. म्हणजे तापल्यावर जागा होते हे खरं. पण तोवर रोज सकाळी गार इंजिनात छर्रे भरडतात त्याचं काय? आणि आधीच जास्त प्ले ठेवला तर तापल्यावर तो आणखी वाढतो, क्रँक डावी-उजवीकडे आपटतो, चेनची लाईन हलते.

मग असं केलं. केसिंग तापवून बेअरिंग बसवली, हातोडा नाही. नवीन पॅकिंग घालून सगळे स्क्रू पूर्ण आवळले. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, म्हणून डायल गेजचा स्टँड शेजारी लोखंडी प्लेटवर ठेवला. क्रँक एका बाजूला ढकलून काटा शून्यावर, मग दुसऱ्या बाजूला ओढून आकडा घेतला. परत खोलून शिम बदलला. असं तीनदा. कनेक्टिंग रॉड बोअरच्या मध्ये राहतो ना, तेही पाहिलं. आमच्या इंजिनाला शेवटी ०.१५ मिमी ठेवला. तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच आकडा धरा.

विहिरीवरचं डिझेल इंजिन खोलाल तेव्हाही हे तपासा. काढलेलं पॅकिंग फेकण्याआधी त्याची जाडी मोजून ठेवा.

परवा वडील परत मागे बसले. इंदापूरपर्यंत गेलो, आलो. घरी उतरल्यावर म्हणाले, "आता आवाज बरा आहे."

कुणाकडे येझदीचे ०.१ चे शिम पडून असतील तर कळवा.