पोटखराबा

सातबारा हातात आला की आपण आधी क्षेत्र बघतो, मग आकार, आणि मग नाइलाजाने नजर जाते ‘पोटखराबा’ या रकान्याकडे. लागवडीस अयोग्य जमीन. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, आमच्या तुकड्यापुढे हा शब्द मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा काकांनी समजूत घातल्यासारखं सांगितलं, ‘कातळच तो. बघण्यासारखं काही नाही.’ काका खोटं बोलत नव्हते. ते मे महिन्यात बोलत होते.

मे महिन्यात सडा म्हणजे भाजून काळा पडलेला तवा. जळक्या गवताचे बुडखे, चपलेतून वर येणारा चटका, आणि मधूनमधून उथळ खळगे. त्यांच्या तळाची चार बोटं माती वाळून भेगाळलेली. सड्याचा जांभा दगड आतून तांबडा आणि भोकाभोकांचा असतो, पण उघड्यावर पडलेल्या त्याच्या पाठीवर उन्हापावसाने लोहाचं कवच चढतं. जूनमध्ये सिंधुदुर्गातला धुवांधार पाऊस या कवचावर कोसळतो. त्यातलं बरंचसं पाणी उतारावरून व्हाळांकडे पळतं आणि उरलेलं खळग्यांत बसून राहतं. सप्टेंबरअखेरपर्यंत ते तिथे असतं. पुढे पावसाने पाठ फिरवली की दिवाळीपर्यंत संपतं.

एवढ्याशा मुदतीत तिथे जे घडतं, ते बघायचं तर गुडघे टेकावे लागतात. उभ्या माणसाला तिथे फक्त हिरवा शेवाळी ओलावा दिसतो. मी पहिल्या पावसाळ्यात उभ्यानेच सडा ओलांडून आलो आणि काकांचं बरोबर होतं असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या वर्षी भिंग घेऊन गेलो. खळग्याला गावासारख्या वाड्या असतात, हे तेव्हा कळलं. मध्यभागी, जिथे पाणी गुडघ्याला टेकतं, तिथे मातीत कंद पुरून बसलेल्या पाणवनस्पती असतात. त्यांची लांबट पानं पाण्यावर सपाट पसरतात आणि तुरे तेवढे वर डोकावतात. थोडं अलीकडे, घोट्याएवढ्या पाण्यात, गेंद. बटणासारखी पांढरी डोकी आणि खाली झुपक्यात पानं. उपटून पाहिलं तर मुळंसुद्धा पांढरी आणि भुसभुशीत, आत आडव्या पडद्यांनी हवेचे कप्पे केलेली. बुडालेल्या चिखलात हवा मिळत नाही, म्हणून झाडाने घरातच सोय करून ठेवलेली. आणखी काठाला, जिथे पाणी नुसतं पाझरतं, तिथे सीतेच्या आसवांची निळीजांभळी दाटी, आणि तिला खेटून दवबिंदू.

या दोघींची नावं जितकी हळवी, तितकीच त्यांची करणी उलटी. जांभ्यावरच्या मातीत नत्र नसल्यातच जमा आहे, म्हणून दोघीही मांसाहारावर उतरल्या. दवबिंदूच्या पानावरचा चकाकता थेंब हा चिकटा असतो. सीतेच्या आसवांचे सापळे जमिनीखाली, ओल्या मातीत, खसखशीएवढ्या पिशव्या. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला शिवला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो ओढला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात सगळं आटोपतं. वर फूल वाऱ्यावर डुलत असतं. रामायणातली सीता हे बघून काय म्हणाली असती कोण जाणे. पण वनवासात उपासमार माहीत असलेल्या बाईने दोष दिला नसता असं मला वाटतं.

मला सर्वांत जास्त लळा लागला तो आयसोइटिसचा. गावात त्याला गवतच म्हणतात. दिसतं पातीच्या कांद्याच्या रोपासारखं, पण ते ना गवत ना कांदा. नेच्यांसारखी बिनफुलाची, फार जुन्या घराण्यातली ही वनस्पती. पानांच्या बुडाशी, पांढऱ्या फुगीर भागात तिची बीजाणूंची पोतडी असते. कॅलिफोर्नियातही असेच हंगामी खळगे आहेत. तिथल्या आयसोइटिसमध्ये १९८१ साली असं आढळलं, की ही वनस्पती कर्बवायू रात्री घेते. दिवसा उथळ पाण्यात सगळ्याच वनस्पती आणि शेवाळ त्या वायूवर तुटून पडतात आणि दुपारपर्यंत तो संपतो. रात्री गर्दी नसते. आयसोइटिस तेव्हा वायू भरून घेते, आम्लाच्या रूपात साठवते, आणि उजाडल्यावर सूर्याच्या जोरावर वापरते. ही रीत आधी ठाऊक होती ती वाळवंटातल्या निवडुंगांची. पाण्यात बुडालेल्या झाडानेही तीच उचलावी, याला दोन्हीकडची टंचाई कारण. पहाटे तीनला नळाला पाणी येतं म्हणून उठणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पावसातल्या एका दिवशी मी पोटावर पालथा पडून जे शोधत होतो, ते याहून लहान होतं. मागून काठी आपटल्याचा आवाज आला. एक म्हातारा राखणा, डोक्यावर इरलं, चार म्हशी.

‘काय सोधतास? पैसो पडलो काय?’

मी बोटाने दाखवलं. काठाच्या चिखलात दोरीच्या धाग्यांसारखे तांबूस-हिरवे झुपके, जेमतेम बोटाच्या पेराएवढे. तो वाकला, बघितलं, आणि म्हशींकडे वळला. त्याला हसू आलं नाही, हे मी उपकारच समजतो.

त्या झुपक्याचं नाव ट्रिथ्युरिया कोंकणेन्सिस. प्रा. एस. आर. यादव आणि प्रा. एम. के. जनार्थनम यांनी १९९४ मध्ये कोकणातून तिची नोंद केली. तिची बाकीची भावंडं सगळी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. मध्ये अख्खा महासागर. अनेक वर्षं तिच्या कुळाला गवताच्या नात्यातलं समजत. २००७ साली डीएनए तपासलं, तेव्हा ते निघालं कमळिणींच्या सख्ख्या नात्यातलं. म्हणजे फुलझाडांच्या वंशवृक्षात अगदी बुंध्याजवळ फुटलेल्या फांदीचं. देवघरात ताटलीएवढी फुलं मिरवणाऱ्या घराण्यातली ही पेरभर मुलगी, म्हशीच्या खुराएवढ्या डबक्यात.

भाद्रपद आला की खळगे उथळ होतात आणि मातीच्या जरा जाड थरावर तेरडा उठतो. आमच्याकडे गौर येते ती तेरड्याच्या रोपाची, मुळासकट उपटून. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण टोमण्यासाठी म्हणतो. सड्यावर तीन दिवस म्हणजे बरीच मोठी मुदत.

साताऱ्याजवळच्या कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून तिथल्या तळ्यातली कुमुदिनी आणि ओलाव्यातला वायतुरा बघायला गाड्यांची रांग लागते. दोन फाट्यांचा तो गुलाबी तुरा खरोखरच इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. कोकणातल्या कातळशिल्पांनाही हल्ली मान मिळाला; २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आणि सड्याला थोडी पत चढली. पण कोरलेल्या रेषांत पावसाळ्यात पाणी साचतं, त्या पाण्यात गेंद उगवतो आणि हत्तीच्या सोंडेची रेघ पांढऱ्या ठिपक्यांची होते, ते बघायला कुणी थांबत नाही.

सपाट, मोकळा आणि कागदावर खराब, म्हणून सडा सगळ्यांना स्वस्त पडतो. चिऱ्यांच्या खाणी तिथेच. सुरुंग लावून, माती आणून भरून केलेल्या आंब्याच्या बागा तिथेच. चिपीचा विमानतळही सड्यावरच. मी स्वतः चिऱ्याच्या घरात राहतो आणि हापूस खातो, तेव्हा आवाज चढवायचा अधिकार मला बेताचाच. मात्र पोटखराबा हा शब्द मोजणीचा आहे, वर्णनाचा नाही, एवढं तरी तलाठ्यांपासून माझ्या काकांपर्यंत सगळ्यांनी मान्य करावं.

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. खळगा सापडेना. कातळ सगळीकडे सारखाच काळा. तोच राखणा जांभळीच्या सावलीत बसला होता. त्याला हाक मारून विचारलं, पावसात मी पालथा पडलो होतो ती जागा कुठे?

त्याने काठी उचलून माझ्या पायांकडे केली. ‘तुमी त्याच्यातच उबे आसास.’

खाली बसलो. भेगेत बोट घातलं, तर वाटाण्याएवढा एक करडा कंद हाताला लागला. कोरडा होता, पण पोकळ नव्हता. तसाच परत पुरला.