आई कधी खाते?

बालमित्रांनो, आज तुम्हाला पोह्यांच्या एका लगद्याची गोष्ट सांगणार आहे. हसू नका बरं का! तो लगदा मी स्वतः खाल्लेला आहे आणि तोही अंथरुणात बसून.

त्याचं असं झालं. मे महिन्यातला दुसरा रविवार होता. माझी थोरली सातवीत, धाकटा चौथीत. आदल्या रात्रीपासून दोघांची काहीतरी कुजबुज चालली होती. सकाळी साडेपाचला मी नेहमीसारखी उठायला गेले, तर धाकट्याने मला खांद्याला धरून परत आडवं केलं.

"आई, आज उठायचं नाही. आज मदर्स डे आहे. तुला नाष्टा अंथरुणातच मिळणार!"

"अरे, पण दात तरी घासू देशील?"

तेवढी परवानगी मिळाली. दात घासून मी पुन्हा गादीवर येऊन बसले आणि स्वयंपाकघरातले आवाज ऐकू लागले. डबे आपटल्याचे, ताटली पडल्याचे, मधेच "बाबा, मोहरी जळली!" असा ओरडा. बाबा मदतीला होते खरे, पण मोहरीचा डबा कुठला हे त्यांनाही शोधावंच लागलं होतं.

तासाभराने ताट आलं. कडेला जास्वंदीचं फूल, वर कोथिंबीर आणि मधोमध एक पिवळा गोळा. आमच्या घरी पोह्यांचे दोन डबे असतात. एक जाड पोह्यांचा, दुसरा चिवड्याच्या पातळ पोह्यांचा. थोरलीने नेमका दुसरा डबा काढला आणि पोहे पाण्यात भिजत घातले. पातळ पोहे पाण्यात पडले, की मिनिटभरात त्यांची खळ होते. मी ते सगळे खाल्ले. गंमत नाही, खरंच आवडीने खाल्ले.

मग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तेल, फरशीवर हळद, मोरीत काळीकुट्ट कढई. मुलं खेळायला पसार झालेली. सगळं आवरायला मला पाऊण तास लागला. तेवढ्यात धाकट्याने दारातून डोकावून विचारलं, "आई, आज तुला सुट्टी मिळाली ना?"

"हो रे राजा," मी म्हटलं. माझ्या हातात घासणी होती.

हा मदर्स डे आला कुठून, ठाऊक आहे? अमेरिकेत अ‍ॅना जार्विस नावाच्या बाई होत्या. आपल्या आईच्या आठवणीसाठी त्यांनी १९०८ साली हा दिवस पाळायला सुरुवात केली. १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी तो देशभर जाहीर केला. पुढे मात्र फुलं आणि छापील कार्डं विकणाऱ्यांनी त्याचा बाजार मांडला. तेव्हा त्याच बाई त्याविरुद्ध भांडायला उभ्या राहिल्या.

आपल्याकडेही मातृदिन आहे. श्रावणातली पिठोरी अमावस्या. काही घरांतून अजून रीत आहे. आई दिवसभर उपास करते, पक्वान्न रांधते, ताट डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, "अतिथी कोण?" मागे उभं राहिलेलं लेकरू म्हणतं, "मी!" आणि ताट घेतं. किती गोड आहे ना? पण बघा हं, आईच्या दिवशीसुद्धा रांधणारी आईच!

आणि आपल्या सातारा-सांगलीकडचा आषाढातला बेंदूर? त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. त्याला आंघोळ घालायची, शिंगं रंगवायची, झूल चढवायची, पुरणपोळी भरवायची. ती पुरणपोळी करायला पहाटेपासून चुलीपुढे कोण बसतं? बैलाला सुट्टी मिळते, आईचं काम मात्र त्या दिवशी दुप्पट होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ही घासणी माझ्या डोक्यातून गेली नव्हती. मी माझ्या चौथीच्या वर्गाला गृहपाठ दिला : "आठवडाभर नीट बघा. तुमची आई सकाळी कधी खाते, काय खाते, बसून खाते की उभ्याने?"

एक मुलगा वहीत काहीच लिहीना. जवळ गेले तर हळूच म्हणाला, "बाई, मला आई न्हाई. आज्जीचं लिहू?"

मुलांनो, इतकी वर्षं शिकवते आहे, पण हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी फळ्यावरचा प्रश्न पुसला आणि नवा लिहिला : "घरात तुम्हाला वाढणारं माणूस स्वतः कधी जेवतं?"

आठवड्याने वह्या आल्या. 'उभ्याने चहा-चपाती.' 'आम्ही शाळेत गेल्यावर.' 'कालची भाकरी.' 'बाबा डबा करतात, ते गाडीवर बसता बसता खातात.' आज्जीवाल्याने लिहिलं होतं, 'आज्जी माझं उरलेलं खाते. म्हणून मी आता थोडं जास्त उरवतो.' आणि एका वहीत एकच ओळ होती : 'आमची आई सकाळी खातच नाही असं मला वाटायचं, मी कधी बघितलंच नव्हतं.'

त्या दिवशी गणिताच्या तासाला मी एक उदाहरण घातलं. २०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि तीच कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. फरक काढा! वर्गाने वजाबाकी केली : २०२ मिनिटं, म्हणजे ३ तास २२ मिनिटं. "बाई, एवढ्यात दोन पिक्चर व्हतील की!" एक जण म्हणाला. दोन नाहीत, पण एक नक्कीच होईल, मध्यंतरासकट.

मागच्या बाकावरून आवाज आला, "पण बाई, पोरं कुठं सैपाक करत्यात व्हय?"

त्याला म्हटलं, आपल्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई वहिनींनी आपले दागिनेच काय, मंगळसूत्रसुद्धा दिलं. २०१९ सालच्या बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातही आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं. तेव्हा, पोरं करतात आणि चांगलं करतात!

वर्गात एवढं बोलले, पण घरी येताना ती एक ओळ माझ्या मागे लागली. मी बघितलंय का माझ्या आईला सकाळी खाताना? खूप आठवलं. चुलीपुढे बसलेली आई आठवली, तव्यावरची भाकरी आमच्या ताटात टाकणारी आई आठवली. खाणारी आई काही आठवेना.

आई कोरेगाव तालुक्यातच, आमच्या गावी असते. ज्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या घेवड्याच्या भांगलणीत तिची उमर गेली. बेंदूर झाल्यावर येणाऱ्या रविवारी आम्ही गावी जायचं ठरवलं. या वेळी मुलांना मी तीन अटी घातल्या. पहिली, शिकल्याशिवाय करायचं नाही. दुसरी, गॅसजवळ मोठं माणूस हवंच. तिसरी, कढई घासून पालथी पडेपर्यंत नाष्टा संपला असं म्हणायचं नाही.

आणि पदार्थ कुठला? त्याच पातळ पोह्यांचा! दडपे पोहे. तुम्हीही करून बघा. पातळ पोहे चाळून कोरडेच घ्यायचे. त्यात खोवलेलं ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू घालायचं. हाताने कालवून, दडपून, झाकण ठेवायचं. पंधरा मिनिटांत त्या ओलाव्यावरच पोहे मऊ होतात. वरून मोहरी, हिंग, हळद, मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी. ती थोरलीने बाबांना शेजारी उभं करून दिली. चिरणं, खोवणं, कालवणं या कामात त्या दिवशी बाबाही होते, बरं का.

"आज्जी, तू अंथरुणातच बस," धाकटा म्हणाला.

"आन् ते का? मी काय आजारी हाय?" असं म्हणत ती उठली आणि सोप्यात भिंतीला टेकून बसली. धाकट्याने ताटली पुढे ठेवली, थोरलीने वाफाळता चहा. आईने एक घास खाल्ला आणि उठायला लागली. "पाणी घिऊन येते."

"आज्जी, बस."

दोन घास झाले. "म्हशीला बघून येते जरा."

"आज्जी, बस ना!"

मी तिला विचारलं, "आई, आम्ही लहान असताना तू सकाळी कधी खायचीस गं?"

"खायची की. तुमी साळंत गेल्यावर. तव्यावर ऱ्हायलेला तुकडा, नायतर रानात." एवढं सांगून ती पुन्हा खाऊ लागली, सावकाश. दोन पिढ्या समोर बसून तिच्याकडे बघत होतो. खाणाऱ्या आईकडे मी पहिल्यांदाच बघत होते आणि मी पस्तिशी ओलांडलेली होती.

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. बाबा आणि धाकटा मोरीवर गेले होते. आईने ताटली पुसून स्वच्छ केली, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि आमच्याकडे बघून विचारलं, "चांगलं झालंत. पर तुमी खाल्लं का रं पोरांनो?"

तर बालमित्रांनो, मदर्स डेची वाट बघू नका. उद्या सकाळी फक्त एवढंच बघा, की तुम्हाला वाढणारं माणूस स्वतः कधी खातं. आई असेल, आजी असेल, नाहीतर बाबा. आणि ते माणूस खायला बसलं, की त्याला पाणी आणायला मात्र तुम्ही उठा.