तेरा कीं नऊ?

'समीकरण' हा शब्द व्याकरणदृष्ट्या मोठा बोलका आहे. जें पूर्वीं सम नव्हतें तें सम करणें, असा अर्थ त्यांतील च्वि-प्रत्यय सांगतो. परंतु रसायनशास्त्रांत विषम असतें तें काय? सृष्टि तर नव्हे. क्रियेपूर्वीं द्रव्य जेवढें, तेवढेंच क्रियेनंतर उरतें, हा सिद्धान्त फ्रान्समध्यें लाव्हाझिए यानें १७८९ सालीं आपल्या ग्रंथांत मांडिला. विषम असतो तो आपला कागद.

तो सम करितांना एक पथ्य पाळावें लागतें. रेणूंची संख्या बदलावी, रेणूची घडण बदलूं नये. आमच्या नातवानें परवां हायड्रोजनचा एक व प्राणवायूचा एक रेणु मांडून, पाण्याच्या रेणूंत प्राणवायूचा एक अणु वाढविला. हिशेब जुळला खरा. पण पाण्याच्या जागीं हायड्रोजन पेरॉक्साइड आलें! हायड्रोजनचे २ व प्राणवायूचा १ रेणु घेऊन पाण्याचे २ मांडावे, हा सरळ मार्ग.

पथ्य पाळूनहि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते, आणि ती घरगुती आहे. स्वयंपाकाच्या गॅसमध्यें ब्युटेन असतो. त्याच्या २ रेणूंना प्राणवायूचे १३ रेणु लाभले, तर कार्बन डायॉक्साइडचे ८ व पाण्याचे १० रेणु होतात. १३ ऐवजीं ९ च लाभले तर? समीकरण तेव्हांहि तंतोतंत जुळतें. पाण्याचे तेच १०. मात्र ८ रेणु होतात ते कार्बन मोनॉक्साइडचे. हा वायु विषारी. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेंपटींहून अधिक ओढीनें चिकटतो.

दोन्ही समीकरणें कागदावर निर्दोष आहेत. त्यांतील कोणतें किती प्रमाणांत घडावयाचें, हें गणित ठरवीत नाहीं. मिळणारी हवा ठरविते. झरोका बुजविलेल्या न्हाणीघरांत दार लावून गॅसचा गीझर पेटविला, तरी सृष्टीचा हिशेब चुकत नाहीं. हाताशीं असेल तेवढ्या प्राणवायूंत ती तो पुरा करिते, आणि आंत स्नान करणारें माणूस बेशुद्ध पडतें, प्रसंगीं दगावतें.

म्हणून आमच्या घरचा गीझर आम्हीं मागच्या मोकळ्या पडवींत हलविला. मंडळींनीं प्रथम कुरकुर केली. नातवाकडून हीं दोन समीकरणें पाटीवर मांडवून घेतलीं, तेव्हां ती थांबली. वाचकांनींहि आपल्या न्हाणीघराचा झरोका आज एकदां पाहून यावा, एवढीच विनंति.