पडद्यापूर्वीची पेटी

चित्रपट म्हटला की पांढरा पडदाच डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः पैसे देऊन पाहावयाची हलती चित्रे प्रथम अवतरली ती बंद पेटीत. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्क येथे एडिसनच्या किनेटोस्कोपचे दालन उघडले. यंत्रे दहा, पाचांच्या एका रांगेस २५ सेंट. भिंगाशी डोळे लावावेत, आत सुमारे ५० फुटांची फीत विजेवर फिरावी आणि अर्ध्या मिनिटाच्या आत खेळ आटोपावा! पुढे नाणे टाकताच यंत्र आपण होऊन चालू लागे. एका वेळी एकच प्रेक्षक, हा मात्र त्याचा नियम. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे पडद्यावर झळकली. एकाच यंत्रावर शेकडोंची सोय झाली आणि पेटीचा व्यापार मागे पडला.

आमच्या लहानपणी मात्र चिंचवडास पेटीची देशी बहीण जिवंत होती. पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला, त्यानंतरची दहा-बारा वर्षे लोटली असतील. मार्गशीर्षात मोरया गोसावींच्या यात्रेत बायस्कोपवाला येई. आम्हां भावंडांत दहा पैशांचे नाणे एकच. ते अर्थात ताईचे. ती भोकाशी डोळे लावी आणि आम्ही बाजूस उभे राहून बायस्कोपवाल्याचे वर्णन ऐकत असू. ताजमहाल, आगगाडी, दिल्लीचा दरबार, सारे आम्ही कानांनी पाहिले! त्याने डोळ्यांचे मोल घेतले, कानांचे कोणाकडेच मागितले नाही. नाणे गिळणाऱ्या विलायती यंत्रापाशी हे औदार्य कोठून असणार?

आज चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्यांत प्रत्येकाच्या हाती स्वतःची पेटी आहे आणि कानांतही बोंडे आहेत. शेजाऱ्याच्या वाट्यास चित्र नाही, आवाजही नाही. या सोयीस आम्ही नावे ठेवीत नाही. आम्हीही तिचे लाभार्थी आहोत. परंतु ताईची दृष्टी अलीकडे फार मंदावली आहे. नातवंडांची चित्रे फोनवर येतात, तेव्हा ती म्हणते, "काय दिसतंय ते सांग की रे." मग फोन हाती धरून आम्ही सांगू लागतो, थोडे वाढवूनच सांगतो. बायस्कोपवालाही तसेच करीत असावा.