चौथा साचा

मालेगावात बंद पडलेला साचा, म्हणजे यंत्रमाग, भंगारवाल्याच्या नजरेतून सुटत नाही. आमचा चौथा साचा दोन वर्षे बंद उभा होता. कुणी ना कुणी येऊन त्याच्या लोखंडाचा किलोचा भाव सांगून जाई. धाकटा म्हणे, देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. अम्मी म्हणत, अब्बांची निशाणी आहे. साचा चालेल की नाही, हे दोघेही विचारत नव्हते.

तसा हा साचा पूर्वी एकदा टाकलेलाच. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांचे जुने माग भिवंडी-मालेगावकडे आले. अब्बांनी हा त्यातलाच घेतला. मुंबईने ज्याला मोडीत काढले, त्याच्यावर आम्हा भावंडांची शिक्षणे झाली. त्यामुळे ‘जुना’ या शब्दाची आम्हाला फारशी भीती नाही.

जुम्म्याला गावातले साचे बंद असतात. त्या दिवशी जॉबरला बोलावले. त्याने मोटार लावलीच नाही. पट्टा काढून चाक हाताने फिरवले. वरचा शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा एक घेतो. तेवढ्यात कुठे अडकते, कुठे खडखडते, ते तो कान देऊन ऐकत होता. मग रॉकेलच्या फडक्याने फ्रेमवरचा तेलमातीचा थर पुसला. फ्रेम बिडाची. तिला तडा असेल तर वेल्डिंग नीट धरत नाही, हादऱ्याने पुन्हा उघडते. तिथे पैसा घालू नये, असे त्याचे मत. फ्रेम शाबूत निघाली, शाफ्टही सरळ. बुश झिजलेले, पिकर फाटलेला, एका चाकाचे दोन दात गेलेले. हे सगळे बाजारात मिळते.

पण धोटा ज्या पेटीत जाऊन थांबतो, ती ढिली झाली होती. असा साचा चालवला की धोटा बाहेर उडतो, आणि धोट्याची टोके लोखंडी असतात. कारागिराचा डोळा जायला एवढे पुरे. हे काम आधी, बाकी नंतर, असे त्याने ठणकावले.

एअरजेट मागाशी या साच्याची बरोबरी कुणी करणार नाही. आमचा हिशेब निराळा होता. कारागिराला मजुरी मीटरवर मिळते. तीन साच्यांवर त्याचे घर चालेना, आणि पलीकडच्या गल्लीत सहा साच्यांचे काम त्याला मिळत होते. अब्बांच्या काळापासूनचा माणूस; तो गेला असता तर चालते तीनही बंद पडले असते. भंगाराचे पैसे एकदाच येतात, आणि वीजबिल तर दर महिन्याला.

अम्मींना आनंद झाला. धाकट्याने मात्र अट घातली: खर्च भंगाराच्या किमतीवर गेला की थांबायचे. अट रास्त आहे, आम्ही सगळ्यांनी मान्य केली. जॉबर शनिवारी येतो आहे. सुरुवात पेटीपासून.